पहिलं पाणी

"ओतलंस? कुणाला विचारून ओतलंस?"

"कुणालाच विचारलं नाही, आई. हातात पेला होता, समोर सिंक होतं. ओतलं."

"ते तुझ्या सासऱ्यांचं पाणी होतं."

"सासऱ्यांचं होतं तर त्यांच्यापाशीच राहू द्यायचं. माझ्या पोरीला का पाजत होतात?"

किनुयोच्या हातातलं तांदूळ धुवायचं भांडं तसंच राहिलं. पितळेचा छोटा पेला सिंकमध्ये आडवा पडला होता. सदतीस वर्षं तो तिने स्वतःच्या हाताने घासला होता, पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवला होता आणि उतरवला होता. सुनेने त्याला आज पहिल्यांदा हात लावला, तोही ओतून टाकायला.

"कात्सुनोरी, ऐकतोयस ना? बघ ही काय बोलतेय."

तिचा मुलगा कात्सुनोरी बैठ्या टेबलाशी बसून लाल मिसोचं सार पीत होता. त्याने वाटी तोंडाला लावून ठेवली, जरुरीपेक्षा जास्त वेळ. "सकाळी सकाळी कशाला," एवढंच म्हणाला. आई आणि बायको यांच्यामध्ये वाटी धरून बसायची ही कला त्याला बापाकडून आलेली होती.

"सकाळीच बोलायला हवं," त्याची बायको चिझुरू म्हणाली. "विषय सकाळचाच आहे. आई, तो पाणीपुरवठ्याचा माणूस गेल्या उन्हाळ्यात आला होता. दारात तुमच्याशीच बोलला. काय सांगून गेला?"

"सांगितलं की गल्लीत जुने शिशाचे पाइप आहेत. रस्त्यातले आम्ही बदललेत, मीटरच्या आतला तुमचा, तो तुम्ही बदला. तोवर सकाळचं पहिलं बादलीभर पाणी पिऊ नका, झाडांना घाला."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"घालते ना झाडांना! तूच विचारलं होतंस, एवढ्या पहाटे झाडांना कसलं पाणी घालता म्हणून. एक दिवस चुकवलाय का?"

"नाही चुकवलात. आणि देव्हाऱ्यातला पेला? तो बादलीच्या आधी भरायचात की नंतर?"

"आधी," किनुयो म्हणाली. मग तिला वाटलं, हे एवढं ठणकावून सांगायला नको होतं. पण आता मागे कसं येणार? "पितरांना काय बादलीतून उरलेलं पाणी द्यायचं? पहिलं पाणी त्यांचं. रीतच आहे ती."

"आणि मग पेला उतरवून साएला."

"तीर्थ असतं ते! आजोबांच्या तोंडचं. पोरीला आवडतं. मागून पिते."

"म्हणजे वाईट पाणी म्हणून बादलीभर झाडांना घातलंत, आणि त्याहून वाईट जे होतं ते बाजूला काढून माझ्या पोरीला पाजलंत. रोज."

किनुयोने तांदळाचं पाणी बदललं.

चार वर्षांची साए सगळ्या वसंतात पोट दुखतं म्हणत होती. जेवायची नाही, पाळणाघरात एका कोपऱ्यात बसून राहायची. आधी सगळ्यांना वाटलं, आईला दिवस गेलेत, भाऊ-बहीण येणार, म्हणून पोर रुसलीय. चिझुरूला चौथा महिना होता. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि काल, शनिवारी, सांगितलं की रक्तात शिसं आहे, असायला नको तेवढं. जिवाला धोका नाही, पण आजच्या आज थांबलं पाहिजे. घर जुनं आहे का, पाणी कसल्या पाइपातून येतं, हे त्यांनीच विचारलं. आज पहाटे चिझुरू अंथरुणातून उठून दाराआड उभी राहिली आणि तिने सासूला नळाखाली पेला धरताना पाहिलं.

"चाळीस वर्षं मी तेच पाणी पितेय," किनुयो म्हणाली. "मेले का मी?"

"तुम्ही चार वर्षांच्या नाही आहात. आणि तुमच्या पोटातही कुणी नाही." चिझुरूचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मी दुपारी साएला घेऊन माहेरी जाते. पाइप बदललात तर कळवा. नाही बदललात तरी कळवा, म्हणजे मी तिथेच तिचं नाव शाळेत घालीन."

"तो पाइप बदलायचा नाही. तुझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी घातलाय तो. मोठ्या भूकंपात अख्ख्या गल्लीचे नळ फुटले, आपला नाही फुटला. कुठल्या पोरासोरांकडून आता मी तो उपटून काढू?"

"ठीक आहे," चिझुरू म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

घर किनुयोच्या नावावर होतं. ती हो म्हणेल तेव्हाच कुणी फरशीला हात लावणार, हे तिघांनाही ठाऊक होतं. ती कात्सुनोरीकडे वळली. "ओनिशी-सानना फोन कर. त्यांनी तुझ्या बाबांच्या हाताखाली काम केलंय. ते येऊन सांगतील पाइप कसा आहे. मग बघू कोण खरं ते."

किनुयो या घरात सून म्हणून आली तेव्हा गल्लीत नळ नव्हता. मागच्या अंगणात विहीर होती. तिची सासू शिनो उजाडायच्या आधी उठायची, कुणाशी न बोलता पहिली बादली काढायची, आणि तिने पितरांचा पेला भरेपर्यंत घरात कुणी चूळसुद्धा भरायची नाही. रात्रभर न ढवळलेलं, निवळलेलं पाणी. त्याहून शुद्ध काय असणार? पितरांचं झालं की तो पेला उतरवून शिनो ज्याला गरज असेल त्याला द्यायची. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला.

मग नळ आला. किनुयोचा नवरा तोकुजी नळकाम करणारा, तेव्हा आपल्याच घरात पहिला नळ यायला हवा म्हणून त्याने सुट्टीचे दिवस घालवून रस्त्यापासून मागच्या अंगणापर्यंत चर खणला. शिशाचा पाइप खांद्यावर वेटोळं करून आणला आणि पोराचे केस विंचरावेत तसा हाताने सरळ करत घातला. किनुयो त्याला चहा द्यायला गेली तेव्हा तो चरात उकिडवा बसून वितळलेला जोड जाड कापडाने पुसत होता, गोल गोल, तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत. लग्नानंतर तिला तो पहिल्यांदा देखणा वाटला तो त्या दिवशी. पुढे पुष्कळ दिवस ती त्या एका दृश्यावर जगली.

विहीर बुजवली. विहिरीच्या देवाला श्वास घ्यायला वाट हवी म्हणून पोकळ बांबू उभा रोवला. शिनो किमोनोची बाही डोळ्यांना लावून रडली. रडून झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन चकचकीत नळासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता पहिलं पाणी याचं. रीत तीच." विहिरीवरची रीत तशीच्या तशी उचलून नळावर आणली गेली. तोकुजी तिथेच उभा होता. काही बोलला नाही.

त्याच वर्षी किनुयोला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. शिनो म्हणाली, "आमच्याकडच्या बायका चिखलात उभं राहून भात लावायच्या आणि बांधावर बाळंत व्हायच्या." दुसऱ्या खेपेला तिने स्वतः पुढाकार घेतला. रोज पहाटे पितरांपुढचा पेला उतरवून सुनेच्या हातात द्यायची आणि समोर बसायची. "सगळं पी. तळ दिसू दे." किनुयो तळ दिसेपर्यंत प्यायची. पाण्याला थोडी गोडसर चव यायची. तीही तिने पितरांची कृपा समजली. दुसरं गेलं. तिसऱ्या खेपेला सकाळी दोन पेले झाले. तिसरं गेलं तेव्हा शिनो भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "तुझ्या पोटाला भोक आहे का गं?"

देवळामागे, न जन्मलेल्या बाळांच्या नावाने ठेवलेल्या, लाल लाळेरी बांधलेल्या लहान दगडी मूर्तींच्या रांगेत, किनुयोच्या तीन आहेत. वर्षातून दोनदा ती लाळेरी बदलते.

चौथ्या खेपेला दुसराच महिना चालू असताना गिफूच्या डोंगरात तिची आई पाय मोडून पडली. किनुयो सेवेला म्हणून माहेरी गेली आणि तिथेच राहिली. तिथे डोंगराचं पाणी बांबूच्या पन्हळीतून अंगणात पडायचं, दिवसरात्र. कात्सुनोरी तिथे जन्मला, लठ्ठ आणि रडका. बाळ घेऊन परत आली तेव्हा शिनो म्हणाली, "बघितलंस? तू नव्हतीस, पण तुझ्या नावाने रोज पेला ठेवत होते मी. त्याचंच फळ." किनुयोने वाकून नमस्कार केला. मनापासून केला. त्यानंतर पुन्हा दिवस राहिले नाहीत.

शिनो गेली, पुढे बऱ्याच वर्षांनी तोकुजीही गेला. आता कुणी सांगणारं नव्हतं तरी किनुयो पहाटे उठत राहिली. कुणी सक्ती केली नाही तेव्हाच तर ती रीत तिची झाली. आणि नात झाल्यावर पेला पुढे करायला एक छोटं तोंडही मिळालं.

ओनिशी-सान दहाच्या सुमारास आले. पाठीत वाकलेले, डोक्याला पंचा गुंडाळलेला. काम सोडून बरीच वर्षं झाली होती, आता सगळं त्यांचा मुलगा बघायचा. पण हत्यारांची पिशवी स्वतःच उचलून आणली होती. आधी देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले, उदबत्ती लावली, घंटा वाजवली. तोकुजीच्या फोटोला म्हणाले, "मालक, तुमचं काम तपासायला आलोय हो. रागावू नका."

स्वयंपाकघरातल्या फरशीची झडप उघडून ते पालथे झोपले, बॅटरी आत घातली. किनुयो शेजारी बसली. दाराशी चिझुरू हात बांधून उभी होती.

"अहाहा! वहिनी, हा जोड बघा. अंडं जणू. आता असा जोड करणारा माणूस शोधून मिळायचा नाही."

"ऐकलंस?" किनुयो सुनेकडे न बघता म्हणाली.

ओनिशी-सानांनी चाकूच्या टोकाने पाइप जरासा खरवडला. आत चंदेरी रेघ चमकली. "एकदम ठणठणीत. आणखी पन्नास वर्षं काही होत नाही याला."

"म्हणजे बदलायची गरज नाही."

"छे, बदलायला तर हवाच." ते उठून बसले, ढोपरं चोळत. "पाइप उत्तम आहे, वहिनी. पाणी वाईट. रात्रभर आत बसलेलं पाणी शिसं खातं. हे काय आज कळलंय? मी कामाला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मालकांनी शिकवलं होतं. काम संपलं की गिऱ्हाइकाला सांगायचे, सकाळी आधी नळ सोडून ठेवा, तोंड धुवा, अंगण धुवा, मग प्यायचं भरा. नवा पाइप असला तर जास्तच सांगायचे. घरात पोटुशी बाई दिसली की मला मागे पाठवायचे, जा, पुन्हा एकदा सांगून ये."

"प्रत्येक गिऱ्हाइकाला?" किनुयोने विचारलं.

"एकाला न सांगता निघाले नाहीत कधी."

"आणि घरी?"

ओनिशी-सानांनी डोक्याचा पंचा सोडला. पुन्हा गुंडाळायला घेतला.

"घरी काय सांगायचे, ओनिशी-सान?"

"थोरल्या आईंपुढे कोण बोलणार, वहिनी? तुम्हाला ठाऊकच आहे त्यांचं. एकदा मीच म्हटलं होतं मालकांना. म्हटलं, आपल्याकडे पहिलंच पाणी, आणि तेही वहिनींना... तर म्हणाले, आईची रीत आहे, तू तुझं काम बघ."

"कधी म्हणालात हे?"

"झाली की आता वर्षं. तुमचं ते... दुसऱ्या खेपेनंतर असेल." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. "पण त्याचा याच्याशी संबंध होता असं कोण म्हणेल? त्या काळी बायकांचं व्हायचंच असं. कुणाला काय माहीत असतं?"

"त्यांना माहीत होतं."

"माहीत म्हणजे... नळवाल्याला असतं तेवढं."

दाराशी चिझुरूने हात सोडले. ती मागे वळून गेली. दया आली असेल तर ती दाखवण्याइतका तिचा राग उतरला नव्हता.

किनुयो चपला घालून मागच्या अंगणात आली. बुजवलेल्या विहिरीवरचा बांबू केव्हाच काळा पडला होता. त्याच्या शेजारी अंगणातला नळ. याची चावी काढून घेता येते, म्हणजे रस्त्यावरची पोरं पाणी उपसत नाहीत. ती चावी तिच्या ॲप्रनच्या खिशात असायची. तोकुजी रोज सकाळी इथेच उभा राहायचा. नळ मोठा सोडायचा, तोंड धुवायचा, मान धुवायचा, मग वेलीवरच्या निळ्या फुलांना पाणी घालायचा, आणि हे सगळं झाल्यावर ओंजळ करून प्यायचा. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पाणी वाया जातंय की!" तो हसायचा. तिला वाटायचं, फुलांचा नादी माणूस आहे.

आणि एक सकाळ. दुसरं मूल गेल्यानंतरची. शिनो समोर बसलेली, किनुयोच्या हातात पेला. तो कामाला निघालेला, दारात बूट चढवत होता. त्याने पेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. त्याचं तोंड उघडलं होतं, हे तिला आज स्पष्ट दिसलं. तेव्हा तिला वाटलं होतं, त्याला तिची दया आलीय, काहीतरी गोड बोलणार आहे, आणि आईसमोर लाजतोय. त्याने बुटाचे बंद आवळले आणि "येतो" म्हणून गेला. त्या "येतो"वरही ती काही दिवस खूश होती.

मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली.

"आजी." साए मागे उभी होती, प्रवासाची टोपी घालून. "आज आजोबा पाणी प्यायले नाहीत का?"

"का गं?"

"मला नाही मिळालं."

किनुयोने तिच्या टोपीचा पट्टा हनुवटीखाली नीट केला. पोरीचा चेहरा कागदासारखा होता. इतके दिवस हा रंग आपल्याला दिसत कसा नव्हता? "आज सगळं त्यांनीच संपवलं," ती म्हणाली.

ओनिशी-सान पिशवी घेऊन बाहेर आले. मुलाला उद्याच पाठवतो म्हणाले. मीटरपासून स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापर्यंत सगळं नवं घालायचं, एका दिवसाचं काम. मग नळाकडे बोट दाखवून म्हणाले, "अंगणात आलेली पाइपाची ही फांदीही शिशाचीच आहे. हीपण काढून टाकतो."

"ही राहू दे," किनुयो म्हणाली.

"वहिनी, पोरं चुकून..."

"चावी माझ्याकडे आहे."

दुपारी तिने जेवण वाढलं. बाटलीच्या पाण्यात शिजवलेला भात, तळलेली मासळी, लोणचं, सार. चिझुरूची बॅग दाराशी होती. ती साएजवळ टेबलाच्या कडेला बसली, निघायच्या तयारीत, अंगात कोट घालूनच. कात्सुनोरीने चॉपस्टिक्स उचलल्या.

"थांब," किनुयो म्हणाली. "आधी ऐका. उद्या ओनिशी-सानचा मुलगा येतोय. घरातलं सगळं शिसं निघेल."

कात्सुनोरीने सुटल्यासारखा श्वास सोडला. "बघ, चिझुरू. मी म्हटलं नव्हतं, आई ऐकेल म्हणून?"

"तू काहीच म्हटलं नव्हतंस," किनुयो म्हणाली. "घरात म्हणायची वेळ येते तेव्हा तू वाटी तोंडाला लावतोस. तुझे बाबा बूट घालायचे."

त्याने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"चिझुरू, तू आज जा. बाळ होईपर्यंत तिकडेच राहिलीस तरी मी बोलावणार नाही. नवा नळ झाला, पाणी तपासून झालं की मी स्वतः सांगायला येईन. यायचं की नाही ते तू ठरव."

चिझुरूने मान डोलावली. कोट काढला नाही.

"अंगणातला नळ तेवढा जुना राहील," किनुयो पुढे म्हणाली. "पितरांचा पेला उद्यापासून तिथे भरायचा. मी भरीन."

"तो कशाला ठेवायचा, आई?" कात्सुनोरी गोंधळला. "सगळंच बदलतोय तर बाबांनाही नव्या नळाचं..."

"त्यांनी घातलेला पाइप आहे. त्यांच्या आईची रीत आहे. दोघांना रोज पहाटेचं पहिलं पाणी मिळेल, पेला काठोकाठ भरून. मी असेपर्यंत एक दिवस चुकणार नाही. आणि उतरवल्यावर ते मातीत जाईल. या घरात ते पुन्हा कुणी प्यायचं नाही."

देव्हाऱ्याची दारं उघडीच होती. तिने तिकडे बघितलं नाही.

"जेवा आता. सार गार होतंय."